मोठ्या इनलाइन पंख्याला घरगुती पंख्याचा रेग्युलेटर चालेल का?

आपण विचारले आहे की सोलापुरातील यंत्रमागाच्या शेडमध्ये बसवलेल्या 315 मिलिमीटरच्या सिंगल फेज इनलाइन (हवेच्या नळीत बसणाऱ्या) पंख्याला छताच्या पंख्याचा रेग्युलेटर जोडावा का. कृपया जोडू नका. तो लहान भारासाठी बनवलेला असतो आणि येथे तापून जळू शकतो.

प्रथम मोटारीच्या माहिती-पट्टीवरील अँपिअर पाहा. समजा तेथे 1.6 अँपिअर असेल, तर किमान 2.5 अँपिअरचा कंट्रोलर (वेग कमी-जास्त करणारे उपकरण) घ्यावा, कारण वेग कमी केल्यावर काही मोटारी उलट जास्त प्रवाह ओढतात आणि एप्रिल-मे महिन्यांत शेडमधील उष्णता कंट्रोलरलाही सोसावी लागते. मोटार व्होल्टेजने वेग बदलता येण्याजोगी आहे, याची उत्पादकाच्या माहितीपत्रकात खात्री करून घ्यावी.

इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर स्वस्त असतो, मात्र कमी वेगावर मोटार गुणगुणते. माझे मत पाच टप्प्यांच्या ऑटोट्रान्सफॉर्मरच्या (टप्प्याटप्प्याने व्होल्टेज कमी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) बाजूने आहे. तो जड आणि महाग असला, तरी मोटार शांत चालते. कपॅसिटरवर चालणाऱ्या सिंगल फेज मोटारीला व्हीएफडी (विजेची वारंवारता बदलून वेग बदलणारा ड्राइव्ह) साधारणपणे लावू नये. तो थ्री फेज मोटारीसाठी योग्य आहे. ईसी मोटार (आतच इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेली मोटार) असल्यास तिला 0 ते 10 व्होल्टचा संकेतच द्यावा लागतो, पुरवठ्याचे व्होल्टेज घटवायचे नसते.

किमान वेगाची मर्यादा अशी ठेवा की पंखा प्रत्येक वेळी हमखास सुरू होईल, कारण अडकलेली मोटार लवकर जळते, आणि सुताची तूस पात्यांवर साचत असल्याने ही काळजी आपल्याकडे अधिकच घ्यावी लागते.