तो फोन घेऊन गच्चीवर का जातो?

"काहीतरी लपवतोय म्हणजे फसवतोयच ना, मॅडम?" जळगावात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी अकरावी-बारावीची मुलं हे एकमेकांबद्दल विचारतात, त्यांचे आईवडील मुलांबद्दल. म्हणून हा अनुभव. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एक आई मुलीची वही घेऊन आली. मागच्या पानांपासून एक कथा लिहिलेली. परग्रहावरची काही कुटुंबं माणसांचं रूप घेऊन भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहतात. त्यातल्या एका मुलीचं वर्गातल्या मुलावर प्रेम बसतं. तोही परग्रहावरचाच, पण दोघांनाही ते माहीत नाही. दोघं एकमेकांवर पाळत ठेवतात.

"हिच्या डोक्यात काही बिघाड तर नाही ना?" आईने विचारलं. खरी काळजी पुढच्या प्रश्नात होती. "आणि हा मुलगा कोण?"

मुलगा नीटच्या क्लासमधला, चोपड्याकडच्या खेड्यातला, इथे रूमवर राहणारा. मुलीची तक्रार अशी की रोज रात्री चॅट अर्धवट सोडून तो फोन घेऊन गच्चीवर जातो, असं त्याचा रूममेट सांगतो. शिवाय पासवर्ड देत नाही.

पासवर्डचा विषय मी काढलाच नाही. वहीबद्दल बोलले. या वयातली मुलं स्वतःबद्दल विचारलं की गप्प बसतात, आणि पात्राबद्दल विचारलं की भडाभडा बोलतात.

"तुझ्या या लोकांना सगळ्यात जास्त भीती कशाची? पकडले जाण्याची?"

ती वहीचा कोपरा दुमडत राहिली. "नाही. कोणी हसेल याची."

"तुला कोण हसलं?"

आठवीत ती वर्गात 'काहून' (म्हणजे 'का') म्हणाली होती. घरी लेवा बोलीच बोलतात. सरांनी तिच्याच सुरात तो शब्द म्हणून दाखवला, वर्ग खिदळला. तेव्हापासून ती बाहेर छापील मराठी बोलते. मैत्रिणी घरी आल्या की आजीला आतल्या खोलीत बसवते. (बहिणाबाईंच्या नावाचं विद्यापीठ ज्या शहरात आहे, तिथली ही गोष्ट! बहिणाबाईंची कविता म्हणून याच मुलीने शाळेत बक्षीस घेतलेलं.)

मग तिच्या आईला सांगून मी मुलालाही बोलावलं. तो मोठ्या भावाला घेऊन आला, भाऊ बाहेर बसला. गच्चीचं विचारताच मुलाने मान खाली घातली.

"मायचा फोन असतो. मी 'हा माय, जेवी लिधं' (हो आई, जेवलो) म्हणणार, ते रूमवरची पोरं ऐकणार. हिला कळलं तर ही मला गावठी म्हणेल."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "काहून रे, मले सांगता नाही आलं?"

ते तिच्या तोंडून आपसूक आलं. तो आधी दचकला, मग दोघं इतके हसले की बाहेरून भाऊ डोकावला. असं एखादं वाक्य ऐकायला मिळावं म्हणूनच मी या कामात टिकून आहे.

मी मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनला मानते. किशोरवयातलं प्रेम हा बराचसा 'मी कोण' हे शोधण्याचा प्रयत्न असतो, म्हणूनच ही मुलं इतकं बोलतात, असं त्याने १९५० मध्येच मांडलं होतं. माझी भर एवढीच, की ज्याला आपलं घरच लपवावंसं वाटतं, त्याला समोरचाही काही लपवतोय असं सतत वाटतं. अशा वेळी पासवर्ड मिळून काही होत नाही. आज फोन बघितला, उद्या दुसरा संशय.

म्हणून पालकांनो, "कोणाशी बोलतेस?" हा प्रश्न थोडा मागे ठेवा. "तुला कशाची लाज वाटते का?" हे एकदा विचारून बघा, तेही चारचौघांत नाही. मात्र समोरची व्यक्ती वयाने बरीच मोठी असेल, फोटो मागत असेल किंवा धमकावत असेल, तर ते मुलांचं गुपित समजून सोडून देऊ नका. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा.

शेवटी आईने विचारलं, "मग वही परत देऊ का?"

"द्या. आणि न विचारता वाचली, हे तुम्हीच आधी सांगा."