लिनक्स कर्नल जीसीसीऐवजी इंटेलच्या कंपायलरने बांधता येतो का, आणि तो जलद चालतो का?

कर्नल म्हणजे लिनक्स प्रणालीचा गाभा, आणि कंपायलर म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम; जीसीसी हा कर्नलसाठीचा नेहमीचा कंपायलर. पण अशा परक्या कंपायलरनेही कर्नल बांधता येतो. २००९ मध्ये मी एका प्रोसेसर-उत्पादकाच्या कंपायलरने (कोणत्या, ते राहू द्या) तो बांधला होता.

त्या कंपायलरला जीसीसीची बोली बऱ्यापैकी कळत असे, पण मेकफाइलमधील (बांधणीच्या सूचनांच्या फाइलमधील) कित्येक पर्याय अनोळखी वाटत. म्हणून मी मध्ये एक शेल स्क्रिप्ट बसवली, जी असे पर्याय गाळून उरलेले पुढे पाठवत असे. यंत्र सुरू झाले आणि मी विभागात पेढे वाटले. चौथ्या दिवशी एका सहकाऱ्याने तक्रार केली की त्याच प्रोग्रामची, त्याच माहितीवरची उत्तरे दर वेळी वेगळी येतात, आणि तीही केवळ अपूर्णांकांच्या गणितात. नऊ दिवस मी रॅम बदलून पाहिली, शेड्यूलर (कोणता प्रोग्राम केव्हा चालवायचा ते ठरवणारा कर्नलचा भाग) वाचून काढला, आणि शेवटी ऑब्जडंप या साधनाने बांधलेला कर्नल यंत्राच्या सूचनांत उलगडला, तेव्हा एका साध्या लूपमध्ये एक्सएमएम रजिस्टरे, म्हणजे अपूर्णांकांच्या गणितासाठी प्रोसेसरमध्ये असलेल्या जागा, दिसली. गाळलेल्या पर्यायांत ‘-एमनो-एसएसई’ होता, जो कंपायलरला ही रजिस्टरे वापरू देत नाही. सिस्टम कॉलच्या वेळी, म्हणजे प्रोग्राम कर्नलकडे काम सोपवतो तेव्हा, कर्नल वापरकर्त्याची ही रजिस्टरे जपून ठेवत नाही, कारण आपण त्यांना हात लावणार नाही हे त्याने गृहीत धरलेले असते. इथे मात्र लूप व्हेक्टराइज झाल्यामुळे (म्हणजे कंपायलरने एकेक आकड्याऐवजी अनेक आकडे एकदम या रजिस्टरांत हाताळल्यामुळे) त्यांतील आकडे पुसले जात होते. चूक कंपायलरची नव्हती, माझ्या स्क्रिप्टची होती.

आमचे विभागप्रमुख तेव्हा म्हणाले, ‘जीसीसी सोडून दुसरे काही वापरणे ही निव्वळ हौस आहे.’ वेगापुरते ते बरोबर होते, कारण कर्नलचा बराच वेळ मेमरी, लॉक आणि उपकरणे यांची वाट पाहण्यात जातो, आणि या कंपायलरांचे बलस्थान असलेले व्हेक्टरायझेशनच तिथे बंद ठेवावे लागते. बाकी ते साफ चुकले. २०१७ मध्ये गूगलच्या पिक्सेल २ फोनचा कर्नल क्लँग या दुसऱ्या मुक्त कंपायलरने बांधलेला होता. क्लँगसाठी कर्नलने त्याला न चालणारे, स्ट्रक्चरमधील बदलत्या लांबीचे अ‍ॅरे सोडले, तर २०१९ मध्ये क्लँग ९ कर्नलला हवी असलेली ‘एएसएम गोटू’ ही जीसीसीची सोय शिकला. ही हौस असती, तर दोन्ही बाजूंनी इतकी वर्षे खर्ची घातली नसती.

इंटेलच्या जुन्या कंपायलरचा आधार मात्र २०२३ मध्ये कर्नलमधून काढून टाकण्यात आला आणि इंटेलचा नवा कंपायलर क्लँगमागच्याच एलएलव्हीएम या पायावर उभा आहे, त्यामुळे आधी क्लँगनेच बांधून पाहावे, कर्नलच्या ५.७ आवृत्तीपासून त्यासाठी ‘मेक’ या बांधणीच्या साधनाला ‘एलएलव्हीएम=१’ एवढे सांगणे पुरते. मोड्यूलही (कर्नलला नंतर जोडले जाणारे भाग) त्याच कंपायलरने बांधावीत. नंतर कर्नल उलगडून एक्सएमएम शोधावे, पण काही ठिकाणी ते दिसणारच: रेड-६ (अनेक डिस्कवर माहिती सुरक्षित ठेवण्याची पद्धत) आणि एन्क्रिप्शनचा कोड ती रजिस्टरे ‘कर्नल_एफपीयू_बिगिन’ आणि ‘कर्नल_एफपीयू_एंड’ या कॉलांच्या मध्ये, वापरकर्त्याचे आकडे जपून, रीतसर वापरतो.