इंडोनेशियातल्या छोट्या खेड्यात आयुष्य कसं असतं? तिथल्या तरुणांना काही फ्युचर आहे का?

सरसकट नाही सांगता येणार हो, जावाचं खेडं वेगळं नि पूर्वेकडचं वेगळं. फ्लोरेस बेटावरचं वाए रेबो घ्या. डोंगरात हजार मीटरच्या वर, गाडीरस्ता नाही, खालच्या देंगे गावाकडून दोन-तीन तास चढून जायचं. गवताने शाकारलेली फक्त सात शंकूसारखी घरं, प्रत्येक आतून पाचमजली, खाली चूल नि माणसं, वर धान्य, बियाणं, आणि एकेका घरात सहा ते आठ कुटुंबं!! प्रायव्हसी वगैरे विसराच.

पैसा मुख्यतः कॉफीचा, अंगणात चटयांवर बिया वाळत पडलेल्या असतात, पोती डोक्या-खांद्यावरून खाली न्यायची. २०१२ ला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला नि टुरिस्ट वाढले, आता मुक्काम-जेवणाचे पैसे, बायकांनी विणलेलं सोंगके कापडही विकलं जातं. हे झालं नशीबवान गाव, बाकी खेड्यांकडे कोण फिरकतंय.

शाळा मात्र वर नाही, मुलं खाली कोंबो गावात राहून शिकतात, मग एकदा खाली राहायची सवय लागली की परत चढणार किती जण? पुढे लाबुआन बाजो या फ्लोरेसवरच्याच टुरिस्ट बंदराला हॉटेल-बोटींवर कामं मिळतात, फ्लोरेसच्या प्रांतातले बरेच जण मलेशियाला मजुरीला जातात. २०१५ पासून सरकार ‘दाना देसा’चा निधी थेट गावांना देतं, त्यातून रस्ते, पाणी होतं, पण नोकऱ्या? माझ्या मते कॉफी चांगल्या भावाने विकता आली तरच पोरं टिकतील.