गळ टाकण्याआधीची बोलणी

लेकरा,

अनेक आशीर्वाद. घरच्यांना घेऊन न्यूझीलंडला जातोयस आणि त्यातला एक दिवस नदीत उभं राहून फ्लाय फिशिंग, म्हणजे गळाला पिसांची खोटी माशी बांधून मासेमारी, करायचंय, हे वाचून फार आनंद झाला. रॉड कोणता घेऊ, असं विचारलंयस. घेऊच नकोस. रॉड, वेडर्स (पाण्यात उतरायची जलरोधक विजार), बूट सगळं गाइडकडे असतं. तुझं काम वेगळंच आहे आणि ते इथून निघण्याआधी करायचं आहे: त्या गाइडला स्वतःबद्दल सगळं खरं कळव.

मी ते केलं नव्हतं. मी पैठणचा, गोदावरीकाठी वाढलेला. वाम, मरळ, रोहू लहानपणापासून गळाला लावलेले. म्हणून पहिल्याच मेलमध्ये लिहिलं, 'मासेमारीचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.' त्या भल्या माणसाने विश्वास ठेवला आणि मला दीड तास चालवत डोंगरातल्या नदीवर नेलं. मांड्यांपर्यंत बर्फगार पाणी, पायाखाली गुळगुळीत गोटे, आणि मला पोहता येत नाही हे मी सांगितलेलंच नव्हतं. दुपारपर्यंत गुडघा सुजला. तिकडे बायको आणि सासूबाई मोटेलच्या खोलीत बसून, कारण गाडी मी नेलेली. संध्याकाळी मला कुणी काही बोललं नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हा स्पष्ट लिही. फ्लाय रॉड कधी हातात धरलेला नाही. पोहता येतं की नाही. एका दमात किती चालवतं. उंची, वजन, बुटाचं माप. आई माळकरी आहेत, म्हणून मासा मारायचा नाही, हात ओले करून पाण्यातल्या पाण्यातच सोडायचा. तिथल्या गाइडांना ही पद्धत नवी नाही, गळाच्या टोकाचा उलटा काटा चिमटून दाबून टाकायला ते आनंदाने तयार होतात. जेवण शाकाहारी हवं, हेही लिही, नाहीतर डब्यातून हॅमचं सँडविच निघेल.

मग त्याला विचार. अर्धा दिवस मिळेल का? पहिल्या खेपेला तेवढं पुरे. एकासाठी आणि दोघांसाठी दर बहुधा सारखाच असतो, मग बहिणीलाही का नेऊ नये? मासेमारीचं लायसन्स त्यात धरलंय का? आणि नदी चढली तर काय करायचं? मी सुचवतोय त्या तोंगारीरो नदीवर वीजप्रकल्प आहे, वर डोंगरात पाऊसही पडतो. जायकवाडीतून पाणी सोडलं की आपलं पात्र कसं भरतं, ते तू पाहिलंयस. चांगला गाइड दुसरं पाणी आधीच हेरून ठेवतो. 'बघू त्या दिवशी' म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नकोस.

तू मे महिना म्हणतोयस. तिथल्या बहुतेक नद्यांवरचा हंगाम 1 ऑक्टोबरला सुरू होतो आणि 30 एप्रिलला संपतो, म्हणजे आपल्या पोरांना उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि तिथली नदी बंद होते. दिवाळीच्या सुट्टीत जा. तोंगारीरोचा बराच भाग वर्षभर खुला असतो, पण मेनंतर तिथे हिवाळा. आईंचे गुडघे आणि ती थंडी यांचं जमायचं नाही. आणखी एक, तोंगारीरो ज्यात येते त्या ताउपो भागाचं लायसन्स वेगळं असतं. बाकी देशाचं लायसन्स तिथे चालत नाही, आणि तिथलं बाकी देशात चालत नाही.

घरच्यांसाठी तुरांगी गाव धर. तोंगारीरो गावालगतच आहे. ट्राउट, म्हणजे तू धरणार तोच मासा, त्याचं सेंटर आहे, तिथे तुझा मुलगा काचेपलीकडून मासे बघेल. जवळच तोकानूला गरम पाण्याची कुंडं आहेत, आई तिथे पाय सोडून बसतील. गाडी त्यांच्याकडे राहू दे, गाइड तुला न्यायला येतो. आणि किती वाजता परत येणार तेही त्यांना खरं सांग, 'येतोच तासाभरात' असं नको.

विमानतळावरही हेच. चिवडा, लाडू, लोणचं, वापरलेले बूट, जे नेशील ते जाहीर कर. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात. लपवलेलं सापडलं तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड. त्यांचा हा कडकपणा मला पटतो. 2004 मध्ये तिथल्या दक्षिण बेटावरच्या एका नदीत डिडिमो नावाचं परकं शेवाळ सापडलं. ओल्या बुटांवरून ते एका नदीतून दुसरीत जातं, म्हणून फेल्टच्या, म्हणजे नमद्याच्या, तळव्याच्या बुटांवर तिथे बंदी आहे.

आता हाताचं. आपल्या गळाला शिसं असतं, ते लांब जातं आणि दोरी मागून जाते. तिथे माशीला वजनच नाही, जाड दोरी हेच वजन. ती मागे पूर्ण सरळ झाल्याशिवाय पुढे ढकलायची नाही. दुसरी आपली सवय हिसक्याची. दोरीवर तरंगणारा ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बुडाला की आपण खेचतो. तिथे ट्राउट तळातून सावकाश वर येतो, पाण्याच्या कातडीखाली त्याचं नाक दिसतं, तोंड उघडतं, आतला पांढरा रंग चमकतो. त्याच क्षणी मी खेचलं आणि माशी त्याच्या तोंडातून अलगद बाहेर आली. एकदा नाही, तीनदा. मग मी मनात 'गो-दा-व-री' ही चार अक्षरं म्हणायला लागलो. तोवर तो तोंड मिटून खाली वळतो. मग रॉड उचलायचा. चौथा मासा तसाच लागला, आणि सोडताना माझ्या तळहातावर दोन श्वास थांबून गेला.

मेलचा मसुदा पाठवण्याआधी मला दाखव. रविवारी सकाळी उन्हाआधी पैठणला ये. माझा जुना रॉड आहे. दोरीच्या टोकाला लाल लोकरीचा धागा बांधू आणि शाळेच्या मैदानावर फेकून बघू. मुलालाही घेऊन ये.

तुझा,
काका