वाचक विचारतात : रेस पेड चॅनलवर गेली तेव्हा फॅन्स एवढे का भडकले?

मागच्या अंकात फॉर्म्युला वन आणि टीव्हीच्या पैशाबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली थोडी घेतोय, बाकीच्यांनी रागावू नका.

सर, तुम्ही लिहिलं होतंत की 2011 साली ब्रिटनमध्ये एफ-वन बीबीसीवरून स्काय ह्या पेड चॅनलकडे गेलं तेव्हा फॅन्सनी आभाळ डोक्यावर घेतलं. पण खेळ तर सगळीकडेच पेड चॅनलवर जातायत, मग ह्याच वेळी एवढा राग का? आणि त्या आरडाओरड्यातून निघालं काय?
— एक वाचक, नाशिक

आधी टायमिंग बघा. 29 जुलै 2011, शुक्रवार. हंगेरीच्या रेसचा वीकेंड, लोक प्रॅक्टिस बघायच्या मूडमध्ये, आणि बातमी काय आली तर पुढच्या वर्षीपासून सगळ्या रेस लाइव्ह फक्त स्कायवर, बीबीसीवर निम्म्याच लाइव्ह आणि उरलेल्यांचे हायलाइट्स, आणि हे एक-दोन वर्षं नाही तर थेट 2018 पर्यंत. मोनॅको, सिल्व्हरस्टोन (म्हणजे ब्रिटनची घरची रेस) आणि सीझनची शेवटची रेस बीबीसीकडे राहिली, म्हणजे दागिने ठेवले आणि रोजचं गेलं. त्याच रविवारी जेन्सन बटन आपल्या करिअरची 200वी रेस जिंकला, इंग्लंडचा पोरगा, एरवी लोकांनी डोक्यावर घेतला असता, पण चर्चा सगळी डिश लावायची की नाही ह्याचीच.

आता राग का, तर बीबीसीकडे रेस 2009 लाच परत आली होती. त्याच्या आधी 1997 पासून आयटीव्हीवर होती, तिथं फुकट होती पण मधे जाहिराती. 2005 ला इमोलाची रेस आठवतेय का कोणाला? अलोन्सो पुढे, शूमाकर त्याच्या गिअरबॉक्सला चिकटलेला, शेवटचे तीन-चार लॅप राहिलेले आणि आयटीव्हीने ब्रेक घेतला! नंतर माफी मागावी लागली त्यांना. त्यामुळं बीबीसीवर एकही जाहिरात नाही, रेसच्या आधी तासभर गप्पा, रेसनंतर पुन्हा गप्पा, हे लोकांना स्वर्ग वाटत होतं. आणि त्या बातमीच्या दीडेक महिना आधीच कॅनडाची रेस झाली होती. पाऊस एवढा की रेस मधेच दोन तास थांबवली, स्टार्टपासून फिनिशपर्यंत चार तासांच्या वर गेली, एफ-वनच्या इतिहासातली सगळ्यात लांब रेस, आणि एका टप्प्यावर अगदी शेवटच्या नंबरला पडलेला बटन शेवटच्या लॅपला वेटेलला मागे टाकून जिंकला. फुकट चॅनलवर असं काही चालू असलं की ज्याला रेसमधलं ओ की ठो कळत नाही तो पण बसतो, घरातले बाकीचे विचारतात काय चाललंय, आणि असेच नवे फॅन तयार होतात. पेड चॅनलवर हा चुकून आलेला माणूस येतच नाही.

दुसरं म्हणजे रुपर्ट मरडॉक. त्याच महिन्यात त्याच्या पेपरवाल्यांनी लोकांचे फोन हॅक केल्याचं प्रकरण पेटलं होतं, न्यूज ऑफ द वर्ल्ड हा त्याचा पेपर बंद करावा लागला, 13 जुलैला मरडॉकच्या न्यूज कॉर्पने अख्खं बीस्कायबी, म्हणजे स्काय चालवणारी कंपनी, विकत घ्यायचा प्रस्ताव मागे घेतला. लोक आधीच त्या नावाने बोटं मोडत होते, आणि दोन आठवड्यांत बीबीसीच म्हणते की आमची रेस बघायची असेल तर त्यांच्याच दुकानात जा. कोणाचंही डोकं फिरेल.

पण खरं घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. स्कायने बोली लावून बीबीसीला हरवलं असं झालंच नव्हतं. बीबीसीचा करार 2013 संपेपर्यंतचा होता, तो तिने स्वतःहून आधीच सोडला आणि स्कायबरोबर मिळून नवा केला. कारण पैसा. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने लायसन्स फी, म्हणजे टीव्ही बघणारं घर बीबीसीसाठी वर्षाला भरतं ते पैसे, 145.50 पौंडांवर गोठवली ती 2017 पर्यंत, वर परदेशांसाठीच्या वर्ल्ड सर्व्हिसचा खर्च पण बीबीसीच्याच गळ्यात मारला, मग कात्री कुठं लावायची तर महागड्या स्पोर्ट्स राइट्सना. समजू शकतो आपण. पण लायसन्स फी भरणाऱ्या माणसाला काय दिसलं? कुंपणानेच शेत खाल्लं.

फॅन्सनी केलं काय, तर बीबीसीच्या साइटवर हजारोंनी कमेंट्स, तक्रारी, ऑनलाइन पिटिशन, आपापल्या खासदाराला पत्रं, कोणी म्हणे घरातलं आहे ते स्कायचं कनेक्शन पण काढतो, कोणी म्हणे स्पॉन्सरचा माल घेणार नाही. ह्यातलं शेवटचं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. कारण टीम चालते स्पॉन्सरवर आणि स्पॉन्सरला हवे असतात डोळे, गाडीवरचा लोगो किती लोकांना दिसला एवढंच तो मोजतो. टीमवाले पण सुरुवातीला गडबडले होते, पण एफ-वनचा कारभार हाकणाऱ्या बर्नी एक्लस्टनने हंगेरीतच त्यांची समजूत घातली. नव्या डीलमधून येणारा पैसा जास्त, त्यात टीमचा पण वाटा, मग कोण कशाला भांडतंय. फॅन एकटा पडला तो इथं.

निघालं काय म्हणाल तर डील एक इंच हललं नाही. मार्च 2012 मध्ये स्कायने एफ-वनसाठी वेगळं चॅनल काढलं. मार्टिन ब्रंडल बीबीसीचा कॉमेंटेटर, तोही तिकडेच गेला, आणि हे लोकांना डीलपेक्षा जास्त लागलं असं मला वाटतं. मग 2015 च्या डिसेंबरात बीबीसीने उरलेल्या निम्म्या रेसवरूनही हात झटकले, करार तीन वर्षं बाकी असताना! त्या चॅनल फोरने घेतल्या, 2016 पासून, आणि रेस चालू असताना एकही जाहिरात नाही. म्हणजे फुकट दाखवणारा दुसरा कोणी तयारच नव्हता असं म्हणायला जागा राहत नाही. पण तोपर्यंत उशीर झाला होता, मार्च 2016 मध्येच स्कायने 2019 पासूनचे सगळे लाइव्ह राइट्स घेऊन टाकले, फुकटवाल्यांना फक्त सिल्व्हरस्टोन लाइव्ह आणि बाकीचे हायलाइट्स.

पण पैसे दिले की कव्हरेज चांगलं मिळतं हे पण खरं ना? स्कायचं कव्हरेज मी परदेशात असताना बघितलंय, एक नंबर असतं. फुकट्यांचं रडगाणं किती दिवस ऐकायचं?
— एक वाचक, ठाणे

कव्हरेज चांगलं आहे, वादच नाही. प्रॅक्टिसची तिन्ही सेशन्स, ज्युनियर फॉर्म्युलांच्या रेस, जुन्या रेस, दिवसभर एफ-वनच चालू. आणि सुरुवातीला तर स्कायने एचडी पॅक असलेल्यांना हे चॅनल स्पोर्ट्स पॅक न घेताच दिलं होतं, त्यामुळं पहिल्या वर्षी बऱ्याच लोकांचा राग निवला. नंतर नव्या ग्राहकांना ते मिळेना, ते काय सांगायला नको.

पण 'फुकटे' म्हणू नका हो. वर्षाला 145 पौंड भरणारा माणूस फुकटा कसा? त्याचं म्हणणं एवढंच होतं की एकदा भरलेत, आता दुसऱ्याला परत भरायला लावू नका.

आणि ह्याचा परिणाम बघायचा असेल तर क्रिकेटकडे बघा. 2005 ची अॅशेस चॅनल फोरवर होती, फुकट, अख्खं इंग्लंड वेडं झालं होतं, फ्लिंटॉफ घराघरात गेला. 2006 पासून घरच्या सगळ्या टेस्ट स्कायवर. बोर्डाला पैसा भरपूर मिळाला, त्यातून क्रिकेट पण सुधारलं, हे नाकारायचं कारण नाही. पण 14 जुलै 2019 ला लॉर्ड्सवर वर्ल्ड कपची फायनल आली तेव्हा स्कायलाच ती चॅनल फोरबरोबर शेअर करावी लागली, आपल्याच देशाची टीम फायनलला आणि निम्म्या देशाला दिसणार नाही हे बरं दिसलं नसतं. आता गंमत ऐका, त्याच दिवशी सिल्व्हरस्टोनची रेस, ती पण चॅनल फोरवरच! मग रेस चालू असेपर्यंत क्रिकेट मोअर फोर ह्या बाजूच्या चॅनलवर ढकललं, रेस संपली की परत मुख्य चॅनलवर. बीबीसीवर फेडरर-जोकोविच विम्बल्डनची फायनल चालू ती वेगळीच. असा रविवार पुन्हा मिळणं अवघड. 2021 ला अबू धाबीत हॅमिल्टन आणि वर्स्टापेन बरोबरीच्या पॉइंट्सवर शेवटच्या रेसला आले तेव्हाही स्कायने रेस चॅनल फोरला दिलीच. म्हणजे पेडवाल्यांना पण माहितीये की खरी मोठी मजा बंद दाराआड होत नाही, फक्त रोज दार उघडायची त्यांची तयारी नाही.

बाकीच्या देशांत पण हेच झालंय. जर्मनीत शूमाकरच्या जमान्यात सगळं आरटीएलवर फुकट होतं, 2021 पासून जवळजवळ सगळं स्कायकडे. स्पेनमध्ये 2016 ला मोव्हिस्टार ह्या पेड चॅनलकडे गेलं. हॉलंडमध्ये तर वर्स्टापेन पहिल्यांदा चॅम्पियन झाला आणि पुढच्याच सीझनला राइट्स वायाप्ले नावाच्या ॲपकडे गेले, स्ट्रीमिंग अडकतंय, मागे पडतंय म्हणून डच लोकांनी नुसता शिमगा केला. ऑस्ट्रिया मात्र वेगळं, तिथं ओआरएफ आणि सर्व्हस टीव्ही रेस वाटून घेतात आणि दोन्ही फुकट. सर्व्हस टीव्ही रेड बुलच्या मालकीचं आहे, आपलीच टीम लोकांना फुकट दाखवण्यात त्यांचा फायदा आहेच, पण बघणाऱ्याला काय, दिसल्याशी मतलब.

आपल्याकडे क्रिकेटच्या मॅच दूरदर्शनला द्याव्या लागतात तसा कायदा आहे ना? मग एफ-वनची रेस पण डीडी स्पोर्ट्सवर का येत नाही?
— एक वाचक, कोल्हापूर

कोल्हापूरकराने रेसचं विचारावं ह्यात नवल नाही, तुमच्याकडची पोरं गो-कार्टवर वाढतात. कायदा आहे, 2007 चा. त्यात सरकार ज्या स्पर्धा राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर करतं, त्यांचं सिग्नल खाजगी चॅनलला प्रसार भारतीबरोबर शेअर करावं लागतं. क्रिकेट, हॉकी, ऑलिम्पिक वगैरे त्या यादीत, एफ-वन नाही. 2011 ते 2013 आपल्याकडे ग्रेटर नोएडाला रेस झाली, तिन्ही वर्षं वेटेलच जिंकला, तेव्हा कोणी हा विषय लावून धरला असता तर काही झालं असतं कदाचित. आता रेसच नाही तर राष्ट्रीय महत्त्व कुठून आणणार.

आणि ब्रिटनचंही असंच आहे बरं का. तिथं पण फुकट दाखवायच्या स्पर्धांची यादी आहे, त्यात विम्बल्डनची फायनल आहे, एफए कपची फायनल आहे, घोड्यांची ग्रँड नॅशनल आहे, डर्बी आहे. घोडे आहेत, गाड्या नाहीत! सिल्व्हरस्टोनची रेस त्या यादीत असती तर निदान तेवढी एक रेस तरी कोणाच्या मर्जीवर राहिली नसती. 2011 ला फॅन्सनी सगळा जोर बीबीसीवर काढला, मला वाटतं तोच जोर ह्या यादीसाठी सरकारवर लावला असता तर हाताला काहीतरी लागलं असतं. बीबीसी तर निघालीच होती, निघालेल्या माणसाला किती वेळ धरून ठेवणार.

आपल्याकडे 2022 पर्यंत स्टार स्पोर्ट्सवर दिसायचं, 2023 ला एफ-वनचं स्वतःचं ॲप, 2024 पासून फॅनकोड हे ॲप. केबलच्या पॅकेजमधे आपोआप येत होतं ते गेलं, आणि आपल्याकडे कोणी पिटिशन केल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

मी सध्या इंग्लंडात शिकायला आहे. स्काय परवडत नाही. रेस कशी बघू?
— एक वाचक, लेस्टर

चॅनल फोरवर हायलाइट्स असतात, रेस संपल्यावर काही तासांनी, आणि सिल्व्हरस्टोन लाइव्ह. लाइव्ह टीव्ही बघायचा तर लायसन्स लागतं तिथं, रूममेट्सबरोबर एकाच घरात असाल तर आधी घरमालकाला विचारा लायसन्स कोणाच्या नावावर आहे ते. आणि दुपारपासून फोन बंद ठेवा, विशेषतः फॅमिली ग्रुप, तुमचा एखादा मामा पुण्यातून निकाल टाकणार म्हणजे टाकणारच.