मैद्याची शिंक, टू-पॅकचा खोकला आणि सिगरेट

प्रश्न: डॉक्टर, मिस्टर कुर्ल्याला पावाच्या बेकरीत आहेत. सर्दी लहानपणापासूनच, पण हल्ली मैद्याचं पोतं उघडलं की शिंकांचा नुसता सपाटा. दुर्लक्ष करू का?

नका करू ताई. मैद्यात प्रोटीन असतं, त्यात टाकतात ते अमायलेज एन्झाइमही प्रोटीनच, आणि ॲलर्जीची प्रकृती असलेल्यांचं शरीर अशा प्रोटीनवर लवकर बिथरतं. आधी नाक-डोळे, मग दमा, असं बऱ्याचदा होतं, म्हणून आत्ताच छातीचा डॉक्टर गाठा. आणि रिकामं पोतं झटकणं बंद, ओतताना पोत्याचं तोंड पार खाली नेऊन हळू ओतायचं, खाली सांडलेलं झाडूने उडवायचं नाही.

प्रश्न: मी गॅरेजमध्ये टू-पॅक, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, स्प्रे करतो. ॲलर्जी घरात कुणालाच नाही. दिवसा बरा असतो, रात्री खोकून जीव जातो. सगळे म्हणतात सिगरेट सोड.

सिगरेट सोडाच, पण सगळं तिच्या माथी मारू नका. टू-पॅकच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते तुमची प्रकृती बघत नाही, ॲलर्जी नसलेल्यालाही त्याने दमा होऊ शकतो. सिगरेटने धोका वाढतो हे प्लॅटिनमच्या क्षारांच्या कामात जास्त ठळक दिसतं, आयसोसायनेटचं तितकं सरळ नाही. रात्रीचं म्हणाल तर रिॲक्शन कधीकधी चार-आठ तासांनी उठते, त्यामुळे दुपारच्या स्प्रेचा हिशोब रात्री होतो आणि गॅरेजवर कुणाला संशयच येत नाही. पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकर किती जोरात बसते ते मोजणारी नळी, घ्या, दिवसातून चारदा फुंका, 4 आठवडे वहीत लिहा, सुट्टीचे दिवसपण. गणपतीला गावी गेल्यावर खोकला थांबतो का तेही आठवून बघा. तो निळा कापडी मास्क या वाफेला अडवत नाही, बाहेरून स्वच्छ हवा देणारा लागतो. आणि एकदा शरीराने ओळख धरली की अगदी थोडी वाफसुद्धा पुरते, तेव्हा जितक्या लवकर त्या कामातून बाजूला व्हाल तितकं बरं.

प्रश्न: आमच्या कारखान्यात ॲलर्जीवाले आणि स्मोकर घ्यायचेच नाहीत, असं एचआर ठरवतंय. योग्य आहे का?

नाही. ॲलर्जीची प्रकृती इतकी कॉमन आहे की गाळत बसलात तर अर्धी लाइन घरी जाईल, त्यातल्या बहुतेकांना कधी काही होणारही नव्हतं, आणि आयसोसायनेट असेल तर गाळून आत घेतलेलेही त्याच्या तावडीत सापडू शकतात. एक्झॉस्टवर खर्च करा. कामामुळे झालेला दमा आधी ईएसआय (कामगार विमा) कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत होता, आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेची तिसरी अनुसूची एचआरला वाचायला द्या.