गोव्यातल्या गावात बागायती जमीन घेतली तर नळ आणि सांडपाण्याची जोडणी पंचायतीला द्यावीच लागते का?

पंचायत नळ देत नाही. पाणी पेयजल खात्याचं. पूर्वी ते सार्वजनिक बांधकाम खातंच बघायचं. पंचायतीकडून लागतो तो ना हरकत दाखला आणि घरपट्टीची पावती. २०२२ साली गोवा 'हर घर जल' प्रमाणपत्र मिळवणारं पहिलं राज्य ठरलं, हे एजंट छाती फुगवून सांगेल. ते उभ्या घरांचं झालं. तुमच्या रिकाम्या भाटापर्यंत, म्हणजे बागायतीपर्यंत, वाहिनी आणून देतो असं कुणी म्हटलेलं नाही. मुख्य वाहिनीपासून मीटरपर्यंतचा पाईप, परवानाधारक प्लंबर, रस्ता फोडल्याची भरपाई, सगळं तुमच्या खिशातून.

खरी मारामारी मधल्या जमिनीची. आमचं घर सत्तरीत, उतारावर. दाबोसच्या पाणी प्रकल्पाची वाहिनी खालच्या रस्त्याने जाते आणि मध्ये चुलतभावाचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग. खात्याचा माणूस टेप घेऊन आला, कुंपणाच्या कडेने सरळ रेघ दाखवली आणि म्हणाला, "मालकाची संमती आणा." भाऊ म्हणतो, पाईप फुटला तर पोफळींच्या मुळात पाणी साचेल. दिवसभर पाटाने पाणी सोडणारा माणूस हे म्हणतो! बरं, त्याच्या स्वतःच्या नळाचा पाईप आमच्या अंगणातून, तुळशीला वळसा घालून गेलाय. बाबांनी तेव्हा "घाल रे, घरचंच आहे" म्हटलं; ना कागद, ना सही. शेवटी आम्ही देवळाच्या वळणावरून पाईप फिरवून आणला. लांबी भलतीच वाढली, चढावर दाब मिळेना, मग खाली टाकी बांधून पंप बसवावा लागला.

तेव्हा खरेदीखतात वाटेच्या हक्काबरोबर पाईप नेण्याचा हक्कही लिहून घ्या, सर्व्हे नंबर आणि नकाशासकट. "गावची माणसं समजुतीची असतात" असं सांगणाऱ्याला आधी विचारा, तुमच्या वाटण्या झाल्या का?

मलनिस्सारण वाहिनीचं विसरा. पणजी, मडगाव, वास्को अशी मोजकी शहरं आणि आसपासचा थोडा भाग सोडला तर सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा. खड्डा विहिरीपासून १५ मीटर लांब हवा, ही अट बांधकाम परवान्यातच असते. जांभा भोकाभोकाचा, पावसात काय कुठे पाझरेल नेम नाही, म्हणून शेजाऱ्याची विहीरही मोजा. आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला कुणाचा खड्डा आहे ते मी टेप लावून बघितलंय. पोफळीच्या मुळांची एवढी काळजी असणाऱ्याने तो १५ मीटरच्या आत खणलाय.

हां, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. बागायती म्हणताय तर जमीन कुठल्या झोनमध्ये आहे ते बघा. सेटलमेंट, म्हणजे वस्तीचा झोन, असेल तर जमीन बिगरशेती केल्याची सनद काढा. नसेल तर ४००० चौरस मीटरच्या खाली फार्महाऊससुद्धा होत नाही, मग नळ कसला मागता? मुंडकाराच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या, घराचं प्रकरण वेगळं, आणि किनाऱ्याजवळ सीआरझेड, म्हणजे किनारी बांधकामाचा नियम, आडवा येतो. अर्ज पावसाच्या तोंडावर टाकू नका, पावसाळ्यात रस्ता खणू देत नाहीत. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की खात्याच्या उपविभागात जा. टेपवाला येईल त्या दिवशी बाजूच्या मालकालाही बोलवा, आणि संमतीपत्र आधीच टाइप करून खिशात ठेवा.